वहिनी पाहत आहेत

"यापुढे जगातली कुठलीही सत्ता माझ्या घरातला सिनेमा बंद पाडू शकणार नाही," असं कवळीवाल्याने खुर्चीवरून उठून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी पडद्यावरचं जहाज भर समुद्रात नाहीसं झालं. कुठल्याही सत्तेचा त्यात हात नव्हता. आतल्या खोलीत त्याच्या बायकोला इस्त्री करायची होती आणि तिने हाताला लागला तो प्लग उपटला होता.

"अगं, तो सर्व्हर होता," तो दारातून म्हणाला.

"असेल. हे उशीचे अभ्रे आहेत," ती म्हणाली.

उद्घाटनाला बोलावलेले शेजारी अभ्रे संपेपर्यंत शांतपणे बसून राहिले. उठून जाणं बरं दिसलं नसतं. चहा अजून यायचा होता.

कवळीवाला कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेत, प्लास्टरचे जबडे त्याच्या खोलीवर येत आणि तो त्यांत एकेक दात उभा करी. वस्तीतलं निम्मं हसू त्याच्या हातचं होतं. त्यामुळे कोणी त्याला हसलं तरी त्याला राग येत नसे. कवळी नीट बसलीय ना, एवढंच तो पाहून घेई. आणि अलीकडे लोकांना हसायला कारण मिळालं होतं. पन्नाशी उलटली की माणसाला गुडघेदुखी, अध्यात्म असं काही ना काही लागतंच. ह्याला लिनक्स लागलं.

लागलं ते असं. एका हिशेबनिसाचं कार्यालय बंद झालं आणि तिथला एक जुना संगणक ह्याच्या पदरी पडला. तो सुरू व्हायला इतका वेळ घेई, की तेवढ्यात एक वरची कवळी घासून पुरी होई. कोणीतरी म्हणालं, त्याच्यावर लिनक्स घाल. संगणक चालवणारी आज्ञावली आहे, जगभरच्या असंख्य लोकांनी मिळून लिहिलीय, फुकट आहे, आणि त्याच्यावर म्हातारा संगणकसुद्धा पळायला लागतो. एवढंच सांगून कवळीवाला थांबला असता, तर ते इतरांनाही समजलं असतं. पण तो थांबत नसे. तो काळा पडदा उघडी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिही, बटण दाबी, आणि मग ओळींमागून ओळी सरसर वर जाऊ लागल्या की हात मागे बांधून उभा राही. समुद्र पहिल्यांदा पाहणारा माणूस तसा उभा राहतो.

"बघतेयस ना? ह्यातली प्रत्येक ओळ कोणीतरी बसून लिहिलीय. मला न ओळखता. माझ्यासाठी."

"त्याच्या बायकोला एकदा भेटलं पाहिजे," बायको म्हणाली.

त्याच सुमारास बाजारातली व्हिडिओ लायब्ररी मोडीत निघाली. कवळीवाल्याने तिथल्या डिस्का पोत्यांत भरून घरी आणल्या आणि एकेक करून सगळे सिनेमे त्या संगणकात उतरवले. मग एक प्रणाली घातली. ती सगळे सिनेमे ओळीने मांडी, प्रत्येकाचं पोस्टर आपणहून हुडकून लावी, आणि आपण ज्याला नाव आणि पासवर्ड देऊ त्याला त्याच्या घरच्या टीव्हीवर ते दाखवी. पोस्टरांच्या बाबतीत ती कधीकधी घाई करी. मावशीच्या निवृत्तीच्या समारंभाचं चित्रीकरण होतं, त्यावर तिने कुठल्याशा परदेशी भयपटाचं पोस्टर चढवलं. मावशीला जवळून ओळखणाऱ्यांनी ते बदलू दिलं नाही.

हा सगळा खजिना, म्हणजे तो सर्व्हर, कवळ्यांच्या खोलीत, भिंतीवरच्या फळीवर, प्लास्टरच्या जबड्यांच्या मधे बसलेला असे. एक निळा दिवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वासलेले जबडे. नवखा माणूस पहिल्यांदा आत आला की जरा दचके. प्लास्टरची धूळ संगणकाच्या पंख्यात जाई, ती कवळीवाला दात घासायच्या ब्रशाने काढी. ज्या हळुवारपणे तो ती काढी, ते पाहून बायको एकदा म्हणाली होती की पुढच्या जन्मी मीही फळीवर बसेन.

त्या प्रणालीत एक पान होतं, ते फक्त मालकाला दिसे. आत्ता कोण काय पाहतंय ते तिथे उमटे. नाव, त्यापुढे 'पाहत आहेत', आणि खाली एक बारीक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत राही. त्या रेघेमुळे कवळीवाल्याला नको ते कळू लागलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश दुपारभर कार्टून पाहत. व्यायामशाळेचा मास्तर, ज्याच्या दंडाला हात लावायला लोक परवानगी मागत, तो सावत्र आईच्या छळाचे सिनेमे पाही आणि मधेच थांबवून मागे नेऊन छळ पुन्हा पाही. हे आपल्याला कळू नये असं कवळीवाल्याला मनापासून वाटे. म्हणून तो ते पान दिवसातून अगदी मोजक्या वेळा उघडी, म्हणजे काम नसताना आणि काम असताना.

त्या पानावर एक नाव वहिनींचं होतं. ते तिथे कसं आलं हे सांगायचं, तर आधी दादाचं सांगायला हवं.

दादा म्हणजे कवळीवाल्याचा थोरला भाऊ. तो पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायचं काम करी. त्याने चावी फिरवली की वस्तीला आंघोळ, नाही फिरवली की पाणी जपून वापरायचा उपदेश. एका भावाने वस्तीला पाणी दिलं, दुसऱ्याने दात दिले, आणि दोघांनी मिळून एकमेकांशी बोलणं सोडलं. कारण दोघांनाही पक्कं आठवत होतं, फक्त वेगवेगळं. कवळीवाल्याच्या मते दादा चार पाहुण्यांसमोर म्हणाला होता की बाबांची नवी कवळी शिट्टी वाजवते. दादाच्या मते धाकट्याने नळाला चोरून मोटर लावली होती, आणि तीही व्हॉल्व्हवाल्याचा सख्खा भाऊ असून. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळे मिटवायला काही शिल्लकच नव्हतं.

जावा मात्र रोज फोनवर बोलत. दोन राजे रुसले तरी बाजार चालूच राहतो, तसं. आणि एक दिवस वहिनी स्वतः येऊन कवळ्यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, मलाही एक पासवर्ड द्या. ह्यांना सांगेन, टीव्हीबरोबर आलंय."

कवळीवाल्याने दिला. दादाने कधी काही विचारलं नाही. नुसत्या पाण्याच्या आवाजावरून गळती कुठल्या गल्लीत आहे ते सांगणारा माणूस. आपल्या घरात एवढे सिनेमे कुठून येतायत, हे त्याने विचारलं नाही.

वहिनी मागच्या वर्षी गेल्या. आजार लहान होता आणि घाईत होता. शेवटचं सगळं आटोपेपर्यंत दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते. लोक येत होते. "खुर्च्या कमी पडतायत," दादा समोर बघत म्हणाला. कवळीवाल्याने जाऊन खुर्च्या आणल्या. इतक्या वर्षांतलं त्यांचं संभाषण ते एवढंच.

नंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, कवळीवाला एका खालच्या जबड्यात सुळा बसवत होता. सहज त्याने मान वळवून ते पान पाहिलं. न्यायाधीशांच्या खाली लिहिलं होतं: वहिनी पाहत आहेत.

सुळा खाली पडला. तो कुठे गडगडला हे कवळीवाल्याने पाहिलं नाही. रेघ सरकत होती. कोणीतरी तिकडे बसलेलं असल्याशिवाय ती सरकत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण हे त्यानेच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. त्याने बायकोला हाक मारली. हाकेत काहीतरी असलं पाहिजे, कारण ती हातातलं काम टाकून आली, आणि असं सहसा होत नसे.

दोघे त्या ओळीसमोर उभे राहिले. वहिनी पाहत आहेत. फळीवरचे जबडेही आ वासून उभे होते, पण ते नेहमीच तसे असत.

"कुठला लागलाय?" बायकोने हळूच विचारलं. आजारी माणसाच्या खोलीत विचारतात तसं.

"दीपस्तंभाचा."

तिने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाली, "भावजी असतील. त्यांना दुसऱ्या कोणाच्या नावाने आत जाता येत नसेल. ताईंचंच नाव आहे टीव्हीत."

कवळीवाल्याला दादा आठवलाच नव्हता. क्षणभर त्याने वहिनीच पाहतायत हे मान्य करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की तो ते पान उघडून बसू लागला. थोड्याच दिवसांत त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. एखादा सिनेमा आपण अर्धवट सोडला की ती प्रणाली आपल्या नावाखाली तो वेगळ्या ओळीत ठेवते; कुठवर पाहिला तेवढी खालची रेघ भरलेली असते. पुढच्या वेळी ते चित्र दाबलं की सिनेमा तिथूनच सुरू. वहिनींच्या नावाखाली अशा अर्धवट सिनेमांची लांबच लांब ओळ होती. कवळीवाल्याला त्याचं नवल वाटलं नव्हतं. घरात दार वाजतं, दूध उतू जातं, माणूस उठतो. दादा त्या ओळीतलाच एखादा सिनेमा काढी. पण तो पुढे पाहत नसे. रेघ मागे मागे जाई, पार सुरुवातीला. तिथून सिनेमा चालू होई. आणि जिथे वहिनी थांबल्या होत्या, बरोब्बर तिथे आला की बंद होई. ओळ होती तशी राही. एकही सिनेमा तिच्यातून कमी होत नसे.

तो सिनेमे पाहत नव्हता. तो तिची जागा धरून बसला होता. सभागृहात शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसतात, तसा.

कवळीवाल्याने आयुष्यात अनेक थोर गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक इतरांना दाखवूनही झाल्या होत्या. ही त्याने कोणाला दाखवली नाही. दुपारी रेघ चालू असली की तो घासकामाचं यंत्र बंद ठेवी, खोलीत पावलं न वाजवता फिरे. दादाचं घर दूर होतं, मधे दोन बाजार आणि एक पूल होता, पण आपल्या आवाजाने तिकडे व्यत्यय येईल असं त्याला वाटे. बायकोनेही कोणी न सांगता इस्त्री सकाळी करायला सुरुवात केली.

आणि मग त्याने ती गोष्ट केली, जी फक्त ह्या पंथातले लोकच करतात. सगळं उत्तम चाललेलं असताना, काहीही बिघडलेलं नसताना, कोणीही मागितलेलं नसताना, त्याने लिनक्सची नवी आवृत्ती घातली.

ह्या पंथाचा पहिला नियम असा, की चालतंय त्याला हात लावू नये. तो नियम कवळीवाल्यानेच सगळ्यांना ऐकवला होता, आणि बहुतेक वेळा कशाला तरी हात लावत असतानाच. तयारी त्याने भरपूर केली. सिनेमे दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवून ठेवले. त्यांतली एक बायकोच्या कपाटात चादरींच्या घडीत ठेवली. गाणी उतरवली, फोटो उतरवले, मावशी उतरवली. मग जुनं सगळं पुसलं आणि नवं घातलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. तो हात मागे बांधून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत सिनेमे जागच्या जागी आले, पोस्टरं आली, मावशी भयपटासह परत आली. सगळ्यांची नावं, पासवर्ड त्याने होते तसे पुन्हा घातले.

फक्त कोण कुठे थांबलंय, हे आलं नाही. ती एवढीशी नोंद सिनेमांबरोबर नव्हती. ती संगणकातल्या जुन्या घराच्या एका कोपऱ्यात होती, आणि ते घर त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. हत्ती सांभाळला आणि माहूत वाहून गेला. न्यायाधीशांना कार्टून पहिल्यापासून पाहावं लागलं. त्यांनी तक्रार केली नाही. मास्तरला छळ नव्याने मिळाला. वहिनींच्या नावाखाली मात्र काहीच नव्हतं. ओळ अर्धवट राहिली होती असंही नाही. ओळच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं नाव उमटलं. पुढे काही उमटलं नाही. कुठला सिनेमा लागला नाही, रेघ आली नाही. नुसतं नाव तसंच राहिलं बराच वेळ, एखादा माणूस कुलूप पाहून दारात उभा राहावा तसं. मग गेलं. त्यानंतरच्या दुपारी आलं नाही. त्याच्या नंतरच्याही नाही.

"फोन करा," बायको म्हणाली.

"आणि काय सांगू?"

"चुकून पुसलं गेलं म्हणून सांगा."

"म्हणजे तो विचारेल, पुसलं गेलं हे मला महत्त्वाचं आहे हे तुला कसं कळलं. मग मी सांगू, दादा, रोज दुपारी तू एकटा बसून काय करतोस ते मी इकडे बसून बघत होतो?"

बायकोने पुढे केलेला फोन मागे घेतला. हा प्रसंग दुर्मीळ होता, पण कवळीवाल्याचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याला दिसत होतं ते वेगळंच. दादाला वाटणार, ह्यानेच काढून टाकलं. बाई गेली, आता तिचं खातं कशाला, म्हणून हिशेब बंद केला. मोटर लावणारा माणूस हेही करू शकतो. आणि दादा विचारणार नाही. त्याने कधीच काही विचारलेलं नाही.

तीन-चार दिवस कवळीवाल्याने पुसलेल्या डिस्कमधून काही सापडतंय का ते पाहिलं. जगभरच्या त्या असंख्य लोकांना त्याने आपलं दुखणं लिहून कळवलं. ते खरोखरच भली माणसं होती. वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या वेळी जागं राहून, त्यांनी एकच उत्तर पाठवलं: आधी उतरवून ठेवायला हवं होतं.

"आता त्या कुठे थांबल्या होत्या हे जगात कोणालाच माहीत नाही," तो म्हणाला.

बायको अभ्र्याची घडी घालत होती. "मला माहितीये की," ती म्हणाली.

त्याला आधी वाटलं, ती नेहमीसारखं काहीतरी बोलली.

"रोज बोलायचो आम्ही. ताई सगळं सांगायच्या, आज काय पाहिलं, कुठे बंद केलं. त्या शेवट बघायच्याच नाहीत. माहीत नाही तुम्हाला?"

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरातून सगळे सिनेमे जात होते, आणि त्याला वाटत होतं दूध उतू जातंय.

"सिनेमात एक वेळ येते ना, सगळे बरे असतात. कोणी आजारी नाही, कोणाचं भांडण नाही, जो जिथे पाहिजे तिथे आहे. तिथे आल्या की बंद करायच्या. म्हणायच्या, आता ह्यांना असंच राहू दे."

"आणि मग पुढचं?"

"मला विचारायच्या. मी सांगायचे, पुढेही बरंच झालं." तिने घडी खाली ठेवली. "बुडालेल्या जहाजाचंसुद्धा सांगितलं मी तसं."

कवळीवाल्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला ही सवय राहत नाही. त्याला ती एकदम लावून घ्यावी लागली.

त्या दुपारी दोघे टीव्हीसमोर बसले. वहिनींच्या नावाने आत जायचं, सिनेमा लावायचा, ती जागा येईपर्यंत पुढे न्यायचा आणि तिथे सोडून द्यायचा, म्हणजे तो पुन्हा ओळीत येतो. युक्ती एवढीच होती. त्याला काळा पडदा लागत नव्हता. जहाजाच्या सिनेमात वादळाच्या आदल्या संध्याकाळी सगळे डेकवर जमतात, आचारी सगळ्यांना गरम रस्सा वाढतो आणि स्वतः शेवटी घेतो. "तो पहिला घोट घेतो ना, तिथे," बायको म्हणाली. दोन बहिणींच्या सिनेमात पत्र यायच्या आधी त्या दोघी गच्चीवर केस वाळवत असतात. सर्कशीच्या सिनेमात हत्ती आजारातून उठतो आणि विदूषक त्याच्या सोंडेला टेकून झोपतो. खुनाच्या सिनेमात वहिनी फार लवकर थांबत.

लढाईच्या सिनेमापाशी कवळीवाला अडला. तो त्याने अनेकदा पाहिला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता धूर.

"ह्यात कुठे असणार सगळे बरे?"

"आहे. पूल उडवायच्या आधी ते सगळे नदीत कपडे धुतात बघा. तो शिव्या देणारा हवालदार सगळ्यांचे शर्ट वाळत घालतो."

खरंच घालत होता. झुडपावर एकेक शर्ट, बाह्या ओढून, सुरकुत्या काढून. इतक्या वेळा पाहून कवळीवाल्याला तो हवालदार शर्ट वाळत घालताना कधी दिसलाच नव्हता; त्याचं लक्ष पुलाकडे असायचं. त्याने सिनेमा तिथे सोडला. इतकी पोती भरून सिनेमे त्याने घरी आणले होते, आणि प्रत्येकाच्या पोटात असा एक क्षण होता, अगदी रडक्या, अगदी रक्ताळलेल्या सिनेमाच्यासुद्धा. तो एका बाईने व्हॉल्व्हवाल्याच्या घरात दुपारी बसून एकेक करून शोधून काढला होता, आणि हिला फोनवर सांगून ठेवला होता.

"पुढचा लावा," बायको म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच नाकही पुसलं, म्हणजे सर्दी वाटावी.

ओळ पुरी व्हायला बऱ्याच दुपारी गेल्या. काही सिनेमांवर वाद झाले. दीपस्तंभाच्या सिनेमात म्हातारा राखणदार खूप दिवसांनी परततो आणि जिना चढून वर पोचतो. तिथे की दिवा लागल्यावर, हे बायकोला नीट आठवेना. शेवटी वर पोचतो तिथे ठेवला.

मग दोघांनी हात लावायचं थांबवलं आणि वाट पाहिली. दुपारी कवळीवाला जबडा हातात घेऊन बसे आणि त्याच्यात काही बसवत नसे. एका डॉक्टरांचा फोन आला की पेशंट दातांशिवाय किती दिवस काढणार. कवळीवाल्याने पेशंटला रस्सा द्यायला सांगितलं.

आणि एका दुपारी नाव उमटलं. वहिनी पाहत आहेत. खाली जहाजाचा सिनेमा. बायको दारात येऊन उभी राहिली. रेघ मागे मागे गेली, पार सुरुवातीला, आणि मग चालू झाली. ती आचाऱ्याच्या पहिल्या घोटापर्यंत आली आणि थांबली. नाव गेलं. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

दुसऱ्या दुपारी बहिणी. मग हत्ती. मग शर्ट. रोज एक, कधी लागोपाठ दोन, आणि रोज रेघ त्यांनी ठेवलेल्या जागी येऊन उभी राही. कवळीवाला कामाला लागला. दातांचा थकलेला पुरवठा सुरू झाला, वस्तीत पुन्हा हसू दिसू लागलं.

ओळीत सगळ्यात शेवटी दीपस्तंभ होता. तो लागला त्या दुपारी दोघेही फारसे काळजीत नव्हते. म्हातारा बोटीतून उतरला असेल, जिना चढत असेल, असं बायको रेघेकडे पाहून सांगत होती. रेघ त्यांच्या जागेवर आली. थांबली नाही. पुढे गेली. कवळीवाला खुर्चीतून उठला. रेघ अजून जराशी सरकली आणि मग थांबली. नाव गेलं.

दोघे एकमेकांकडे बघत असतानाच कवळीवाल्याचा फोन वाजला. पडद्यावर 'दादा' असं आलं. ते नाव त्या फोनवर कधी उजळलेलं त्याने पाहिलं नव्हतं. फोन विकत घेतला तेव्हा त्याने ते उगाचच भरून ठेवलं होतं.

त्याने फोन कानाला लावला.

"तो दिव्याचा," दादा म्हणाला. वर्षांचं अंतर त्याने मधे घेतलंच नाही. "तिथे नव्हती ती थांबली."

"नाही?"

"वर पोचतो. मग बसतो. बूट काढतो. दोन्ही. मग थांबायची ती. म्हणायची, दमलाय, बसू दे त्याला जरा." तिकडे काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. "मी केलंय नीट."

कवळीवाल्याने खुर्ची ओढून घेतली. "बाकीचे?" त्याने विचारलं.

"बाकीचे बरोबर आहेत."

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कवळीवाल्याला कळलं की दादाला सगळं माहीत होतं. सिनेमे कुठून येतात, रेघ कुठे दिसते, कोण बघतं, सगळं पहिल्यापासून. इतक्या वर्षांचं जे काही आहे ते आता ह्या फोनच्या दोन टोकांना येऊन उभं आहे, आणि कोणीतरी एक शब्द बोलला की ते सगळं वाहायला लागेल, असं त्याला वाटलं. तो शब्द आपणच बोलावा म्हणून त्याने तोंड उघडलं.

"दादा," तो म्हणाला.

"हां," दादा म्हणाला. "आणि ऐक. लागोपाठ दोन लावले की ते मधेच थांबवून विचारतं, अजून पाहताय का म्हणून. तेवढं बंद कर."